तेरा मिनिटांची भेट

हंबीरराव: …रविवारी कुणाच्या घरी यायचं म्हणजे निदान फोन तरी करावा माणसानं. उद्या सुनावणी आहेच. जे सांगायचं ते तिथं सांगा.

पूर्णिमा: तीनदा केला, सर. तुम्ही उचलला नाही.

हंबीरराव: अनोळखी नंबर मी उचलत नाही.

पूर्णिमा: अनोळखी कसा? आमचे विस्तार अधिकारी तुम्ही. तुमच्याच हाताखाली शिक्षिका आहे मी. करंजमाळच्या शाळेवर.

हंबीरराव: ते माहीत आहे. नोटीस माझ्या अहवालावरच निघाली आहे. आणि हे कोण?

आण्णा: मी हिचा बाप. एसटीत कंडक्टर हुतो. तेहतीस वर्षं केली, चंदगडातनंच रिटायर झालो.

हंबीरराव: असं होय. बसा पाव्हणं, त्या खुर्चीवर बसा. ही नको, हिचा पाय हलतोय. पण वडिलांना चंदगडहून कोल्हापूरपर्यंत आणण्यासारखं यात काही नाही, बाई. प्रकरण सरळ आहे. मी शाळेला तीन वेळा भेट दिली. तिन्ही वेळा कुलूप. शिक्षिका गैरहजर, विद्यार्थी शून्य. पुढं जे व्हायचं ते नियमानं होईल.

पूर्णिमा: म्हणजे काय होईल?

हंबीरराव: तुम्ही कंत्राटी. कंत्राट वाढणार नाही. आणि जिथं विद्यार्थीच येत नाहीत ती शाळा चालवून करायचं काय? मुलं फणसफाट्याच्या शाळेला जोडली जातील.

पूर्णिमा: सात किलोमीटर खाली. पहिलीतली पोरं.

हंबीरराव: एसटी आहे की.

आण्णा: दिवसातनं तीन येतात. रस्त्यावर पाणी आलं की एकबी न्हाय. साहेब, ह्यो कागद तुमचाच न्हवं?

हंबीरराव: कुठला? हां. माझ्या प्रवास कार्डाची नोंद. अहवालाला जोडली आहे. जरा घडी सांभाळून घाला, सरकारी कागद आहे.

आण्णा: नोटिशीसंगं हिच्याकडं आलाय. आता आमचाबी हाय त्यो.

हंबीरराव: आमची जीप वर्षभर डिझेलविना उभी आहे. एसटीनं जा आणि कार्डाची नोंद जोडा, असा आदेश आहे. पूर्वी कुणीही काहीही लिहायचं, मी गेलो, मी पाहिलं. आता ते चालत नाही. संगणक खोटं बोलत नाही.

आण्णा: संगणक बोलतच न्हाय, साहेब. माणसंच त्याच्या तोंडात घालतात.

हंबीरराव: हे बघा पाव्हणं, तुमच्या काळी पेटी होती, पंच होता. तिकीट फाडायचं, बेल मारायची. हे जरा वेगळं असतं. तारीख, वेळ, कुठून, कुठपर्यंत, सगळं मशिन लिहितं. दोन जुलै, चंदगड ते करंजमाळ. सोळा जुलै, चंदगड ते करंजमाळ. तीस जुलै, तेच. वाचता येतंय ना तुम्हाला?

पूर्णिमा: सर.

आण्णा: राहू दे गं. येतंय की साहेब, वाचता येतंय. दहावी नापास हाय, पण तिकीट वाचायला तेवढं पुरतंय. मला एक सांगा. कार्ड मशिनला कवा लावतात?

हंबीरराव: तिकीट काढताना. हा काय प्रश्न आहे?

आण्णा: आणि उतरताना?

हंबीरराव: उतरताना कशाला लावतील?

आण्णा: त्येच म्हनतोय मी. करंजमाळचं तिकीट काढलं एवढं मशिनला कळलं. करंजमाळला उतरलं का, ते मशिनच्या बापाला बी कळत न्हाय.

हंबीरराव: शब्द जपून वापरा. पुढचं तिकीट काढून मागच्या स्टॉपला कोण उतरतं?

आण्णा: लई जण. तेहतीस वर्षं त्यांच्याच तोंडाकडं बघत काढली की. ज्येला बिल लावायचं असतंय त्यो शेवटच्या स्टॉपचं काढतोय आणि सासुरवाडीला उतरतोय. कोन लग्नाला, कोन पत्त्याच्या क्लबात. आमी बोलत न्हवतो. गाडी आमची, पाप त्येंचं.

हंबीरराव: बाई, वडिलांना समजवा. माझ्या घरात बसून माझ्यावर आरोप चाललेत.

पूर्णिमा: आरोप नाही, सर. आम्ही तुमचा कागद वाचतोय. परतीची ओळ बघा ना. दोन जुलै.

हंबीरराव: बारा अकरा. परत चंदगड. बरोबर आहे. तपासणी झाली, परत आलो.

पूर्णिमा: कुठून बसलात?

हंबीरराव: लिहिलंय त्यात.

आण्णा: तुमच्याच तोंडानं वाचा की.

हंबीरराव: फणसफाटा. मग?

आण्णा: चंदगडातनं धाची गाडी सुटती. फाट्याला पावणेअकरा. करंजमाळला अकरा वीस. पंधरा मिन्टं थांबती, डायवर च्या पितोय, आणि अकरा पस्तीसला तीच गाडी माघारी. फाट्याला बारा धा, बारा अकरा. तुमी शाळंपतोर गेलता तर त्याच गाडीत करंजमाळलाच बसायचं. सात किलोमीटर खाली येऊन तीच गाडी का पकडली?

हंबीरराव: एका मोटरसायकलवाल्यानं खाली सोडलं मला. साधी गोष्ट आहे.

आण्णा: नाव काय त्येचं?

हंबीरराव: रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव विचारतो का आपण?

आण्णा: करंजमाळात तीन गाड्या हाईत. एक सरपंचाची, ती जूनपासनं चंदगडात गॅरेजला. दोन पोरांच्या, ती पोरं गोव्यात कामाला. बरं, तीस जुलैलाबी फाट्यावरनंच, बारा बाराला. तवाबी मोटरसायकल?

हंबीरराव: असेल. मला आता आठवत नाही. आणि तुम्ही कोण मला उलटतपासणी करणारे? चहा घ्या आणि निघा. उद्या साहेबांसमोर काय बोलायचं ते बोला.

आण्णा: उद्या साहेबांसमोर ह्योच कागद पसरनार हाय. पोरगी म्हनाली, आण्णा, आदी त्येंच्या घरी जाऊ, चार लोकांत नगं. नायतर मला तर चार लोकांतच पाहिजे हुतं.

हंबीरराव: चार लोकांत काय सांगणार तुम्ही? तुमच्या मुलीचंही कार्ड आहे तिथं. त्याच अहवालाला जोडलंय. सगळ्या कंत्राटी शिक्षकांकडून मागवलं होतं खात्यानं. काढा ते. चौदा जुलैपासूनचा आठवडा बघा. सोमवारी गेल्या आहेत, सकाळी साडेसातच्या गाडीनं. कबूल. मंगळवारी? कोरं. बुधवारी, ज्या दिवशी मी भेट दिली? कोरं. गुरुवारी सकाळी? कोरं. ही नोंद मी केलेली नाही, मशिननं केली आहे. तीन दिवस बाई गाडीत बसल्याच नाहीत. घरी झोपा काढल्या आणि पगार मात्र महिनाभराचा.

आण्णा: साहेब, तुमी…

पूर्णिमा: आण्णा, थांबा. मी बोलते. सर, गुरुवारची ओळ संपूर्ण वाचा.

हंबीरराव: वाचली की. गुरुवार, सतरा जुलै, संध्याकाळी पाच वीस.

पूर्णिमा: कुठून?

हंबीरराव: करंजमाळ ते चंदगड.

पूर्णिमा: सोमवारी वर गेले. गुरुवारी वरून खाली आले. मधे खाली आल्याची एकही नोंद नाही. मग मंगळवारी आणि बुधवारी मी कुठं होते, सर?

हंबीरराव: ते मला काय माहीत?

पूर्णिमा: घरी झोपा काढत होते म्हणालात ना. घरी गेले कशी? उडत?

आण्णा: आता कुनी मोटरसायकलवाला भेटला म्हना की.

पूर्णिमा: सोमवारी दुपारी रस्त्यावर पाणी आलं. संध्याकाळची गाडी वर आलीच नाही. मी बायडाबाईंकडं राहिले. त्यांची नात आपल्या शाळेत पहिलीला आहे. चार दिवस एकाच साडीत शिकवलं. रात्री ती चुलीपुढं वाळवायची आणि सकाळी नेसायची. शाळा एक दिवस बंद नव्हती. मी गाडीत दिसत नाही, कारण मी शाळेत होते.

हंबीरराव: हे तुम्ही आता म्हणताय.

पूर्णिमा: मी म्हणत नाही. कागद म्हणतोय. तुम्हीच जोडलेला.

हंबीरराव: बरं, एक वेळ धरून चालू. तुम्ही गावात होतात. गावात असणं म्हणजे शाळेत असणं नव्हे. बुधवारी मी स्वतः शाळेसमोर उभा होतो आणि दाराला कुलूप होतं. हे तर माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आण्णा: बुधवारी. सोळा तारखेला.

हंबीरराव: सोळा तारखेला.

आण्णा: स्वतः.

हंबीरराव: किती वेळा सांगू? अहवालात लिहिलंय, ‘प्रत्यक्ष भेट दिली असता शाळा कुलूपबंद आढळून आली.’

आण्णा: मग ती सोळा तारखेची परतीची ओळ ऱ्हायली की वाचायची. वाचा. चष्मा पाहिजे का माझा?

हंबीरराव: दहा… दहा अठ्ठावन्न. फणसफाटा ते चंदगड.

आण्णा: धाची गाडी फाट्याला पावणेअकराला येती. धा अठ्ठावन्नला तुमी माघारीच्या तिकिटाला कार्ड लावलंय. तेरा मिन्टं झाली, साहेब. तेरा मिन्टांत घाट चढला, सात किलोमीटर गेला, वढा पार केला, शाळंचं कुलूप बघितलं, पोरं मोजली, शून्य भरली, आणि सात किलोमीटर माघारी येऊन सीटवर बसला. म्हाराष्ट्रात असली गाडी न्हाय हो. आसती तर म्या रिटायर झालो नसतो.

हंबीरराव: मशिनची वेळ चुकली असेल.

आण्णा: मघाशी संगणक खोटं बोलत न्हवता.

हंबीरराव: तांत्रिक बिघाड होऊ शकतो.

आण्णा: व्हय की. म्हून त्या दिसाच्या कंडक्टरला भेटून आलोय मी. माझ्याच हाताखाली शिकलेलं पोरगं हाय ते. पाणी उतरलं असं कुनीतरी सकाळी सांगितलं म्हून करंजमाळची तिकिटं काढली. फाट्याला आल्यावर कळालं, रस्ता अजून बंदच. गाडी तिथनंच माघारी फिरवली. वर गेलीच न्हाय. गाडीत सातजण हुते. सगळी बोंबलत हुती. एकच साहेब म्हनं खूश हुता. भज्यांची पुडी घेऊन परत त्याच सीटवर येऊन बसला. कांदाभजी हुती का मिरचीची, तेवढं तेला आठवंना.

पूर्णिमा: आण्णा.

आण्णा: न्हाय, इचारतोय आपलं. अहवालात ऱ्हाऊन गेलंय म्हून.

हंबीरराव: हे बघा. रस्ता बंद होता ना? तुम्हीच म्हणताय. रस्ता बंद असताना शाळा चालू कशी असेल? कुणीही हाच तर्क केला असता.

पूर्णिमा: मग ‘रस्ता बंद होता, शाळेपर्यंत पोचता आलं नाही’ असं का नाही लिहिलं?

हंबीरराव: तसं लिहिलं की वरून विचारणा होते. भेट अपूर्ण धरतात. पुन्हा जावं लागतं.

पूर्णिमा: मग पुन्हा यायचं. उत्तर येत नसलं की पोरांना आम्ही वहीत कोरं सोडायला शिकवतो, सर. काहीतरी ठोकून दिलं की मी कान धरते त्यांचा.

हंबीरराव: मला शिकवू नका. तीस वर्षं या खात्यात काढलीत मी. चौदा महिने राहिलेत पेन्शनला. तुम्ही काल लागलेल्या मुली.

आण्णा: त्येच की. तीस वर्षं झाली आणि सही तेवढी शिकला.

हंबीरराव: बाहेर व्हा! दोघंही बाहेर व्हा. एक कंडक्टर माझ्या सोप्यात बसून मला अक्कल शिकवतोय!

आण्णा: कंडक्टर हाय म्हून तर आलो. चंदगडातला कुनी मास्तर आला नसता. सगळी घाबरत्यात तुमास्नी. मी न्हाय घाबरत. मी तुमच्यासारकी लई उतरवल्यात गाडीतनं.

पूर्णिमा: आण्णा, बास. तुम्ही बाहेर थांबता का जरा?

आण्णा: न्हाय थांबणार. तुला घरी झोपा काढती म्हनला त्यो.

पूर्णिमा: मग गप बसा. सर, मला तुमची तक्रार करायची नाही. एवढंच सांगा, तीनदा त्या गाडीत बसलात, तीनदा फाट्यावर उतरलात. बुधवारचं समजलं. पण दोन तारखेला आणि तीस तारखेला रस्ता चालू होता. गाडी शाळेसमोरच्या वळणावर थांबते. मग का नाही आलात?

हंबीरराव: काम होतं फाट्यावर.

पूर्णिमा: कसलं?

आण्णा: गुंडूच्या टपरीवर बसून पेपर वाचायचं. त्यो म्हनाला मला. राशिभविष्यापासनं सुरू करत्यात साहेब, मागं मागं जात्यात.

पूर्णिमा: सर, मी खरंच विचारतेय.

(हंबीरराव उठून सोप्यातून स्वयंपाकघराकडं जाणारं दार लोटून घेतात. आत कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज कमी होतो.)

हंबीरराव: गेल्या वर्षी आलो होतो मी. तुमच्या आधी ते मास्तर होते तेव्हा. गाडीतून उतरलो. शाळेच्या अलीकडं तो ओढा, आणि त्यावर तो साकव.

पूर्णिमा: दोन ओंडके आणि वर फळ्या.

हंबीरराव: फळ्यांमधून खाली पाणी दिसतं. चार पावलं टाकली आणि पाय धरले माझे. पुढं होईना, मागं होईना. तसाच बसलो मधे. बसूनच मागं सरकत आलो. मास्तर पलीकडून बघत होते, पोरं बघत होती. कुणीतरी हसलं. विजारीला सगळा चिखल. त्या दिवशी मी शाळा न बघताच गेलो आणि ‘उत्तम’ असा शेरा दिला.

आण्णा: आँ? म्हंजे तवाबी?

हंबीरराव: तवा चांगला दिला की! कुणाचं वाटोळं न्हाई केलं.

पूर्णिमा: आणि या वर्षी?

हंबीरराव: या वर्षी वरून पत्र आलं. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची यादी द्या, कुठल्या बंद करता येतील ते कळवा. करंजमाळचं नाव मी पहिलं घातलं. म्हटलं, शाळाच न्हाई तर जायला बी नको. हे असं हाय बघा. आता हसा.

आण्णा: हसतोय कुठं. थुंकावं वाटतंय.

पूर्णिमा: आण्णा!

आण्णा: माझी पोरगी रोज दोनदा जाती त्या फळ्यांवरनं. सहा-सहा वर्षांची पोरं जात्यात. आणि ह्यो गडी स्वतःच्या विजारीचा चिखल झाकायला नऊ पोरांची शाळा बुडवतोय.

हंबीरराव: माहीत आहे मला.

आण्णा: काय माहीत हाय? ही पोरगी पंधरा दिवस न्हाई जेवली धड. गावात लोक इचारत्यात, का हो, पोरीला काढली म्हनं, कामाला जात न्हवती म्हनं. तिचं ठरलेलं लगीन पुढं ढकललंय त्या लोकांनी. नोटिशीचं काय हुतंय बघू म्हनले.

हंबीरराव: हे मला… हे कुणी सांगितलं नाही.

पूर्णिमा: ते राहू द्या. ते या कागदात नाही. सर, भीती वाटली याचा मला राग नाही. मलाही वाटली होती. शून्य लिहिलंत, त्याचा आहे. नऊ मुलं आहेत. नावं आहेत त्यांना. ती जागच्या जागी बसली होती आणि तुम्ही फाट्यावर बसून त्यांना पुसून टाकलंत. ते लिहिताना हात अडखळला नाही तुमचा?

हंबीरराव: नाही.

पूर्णिमा: एकदाही?

हंबीरराव: रकाना होता. भरला. खोटं कशाला बोलू आता?

आण्णा: हे तेवढं खरं बोलला.

हंबीरराव: काय पाहिजे तुम्हाला? उद्या अहवाल मागं घेतो. आत्ता लिहून देतो, घ्या. ‘सदर तिन्ही भेटींत मी शाळेपर्यंत पोचलो नाही, सबब अहवाल रद्द समजावा.’ सही करतो. चालेल?

आण्णा: तारीख घाला. आणि तिन्ही तारखा आकड्यात बी, अक्षरात बी.

हंबीरराव: घातल्या. माझं काय होईल ते होऊ दे. आणि नवा अहवालही आताच करून टाकतो. पट नऊ. बरोबर? हजर किती लिहू? नऊच लिहितो.

पूर्णिमा: नाही.

हंबीरराव: का? कुणी गैरहजर असतं का?

पूर्णिमा: असेल, नसेल. माझ्या तोंडचं लिहू नका. तो रकाना कोरा सोडा. या आणि स्वतः मोजून भरा.

हंबीरराव: बाई, मी सगळं कबूल केलंय की आता.

पूर्णिमा: माझ्यापुढं केलंत. यादीत करंजमाळचं नाव अजून पहिलंच आहे. ते खोडायला नुसता माझा शब्द पुरणार नाही. तपासणी लागेल, खरीखुरी.

आण्णा: आता पोरगी बोलली. ह्येला म्हनत्यात मास्तरीण.

हंबीरराव: साकव अजून तसाच आहे?

पूर्णिमा: तसाच आहे. एक फळी नवी बसवलीय, तिसरी.

हंबीरराव: दुसऱ्या बाजूनं वाट नाही?

आण्णा: हाय की. गोव्याकडनं. दोन दिवस चालायचं.

हंबीरराव: बुधवारी येतो. दहाच्या गाडीनं. पण… पलीकडं न्यायला कुणी असेल का हो तिथं? म्हणजे मोठं माणूस, एखादं.

पूर्णिमा: दिवसा मोठी माणसं काजूच्या बागेत असतात, सर. स्वरांजली येईल. दुसरीत आहे. ती पुढं उलटी चालते आणि दोन्ही हात धरते. खाली बघायचं नाही, तिच्याकडं बघायचं.